कयाधू उन्हाळ्यात कुठे जाते?

हिंगोलीच्या पुलावरून सप्टेंबरात खाली पाहिले, तर कयाधू गढूळ पाण्याने भरून वाहत असते. त्याच पुलावरून एप्रिलात पाहावे, तर वाळू, बेशरमीची झुडपे आणि मधेच एखादे हिरवट डबके. नदीकाठच्या कोणत्याही गावात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला विचारा, पूर्वी नदी किती दिवस वाहायची? उत्तर महिन्यांत येणार नाही, सणांत येईल. होळीपर्यंत. पाडव्यापर्यंत. आता बऱ्याच ठिकाणी दिवाळी सरली की धार बारीक होत जाते आणि थंडी संपायच्या आत तुटते.

पाऊस कमी झाला म्हणून, असे आपण सहज म्हणतो. पण हिंगोली जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेआठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. बीड किंवा धाराशिवच्या शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर त्याला हेवा वाटेल. एखादे वर्ष कमी, एखादे जास्त, हे चालूच असते. तेवढ्याने नदी लवकर आटण्याचे कोडे सुटत नाही. ते सोडवायचे असेल तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पावसाळा संपल्यावर नदीत जे पाणी वाहते, ते पावसाचे नसते. ते काठावरच्या शिवारांतून, जमिनीच्या पोटातून झिरपून आलेले असते. म्हणजे आपल्या विहिरींत जे पाणी असते, तेच.

कयाधू वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावते. सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असे तालुके ओलांडत, संत नामदेवांच्या नरसीला वळसा घालून ती पुढे नांदेड जिल्ह्यात पैनगंगेला मिळते. पैनगंगा वर्धेला, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे पाणी मात्र पूर्णा आणि आसना या नद्यांनी थेट गोदावरीकडे जाते. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस अशा दोन वाटांनी एकाच नदीत पोहोचतो. वाटेत तो किती रेंगाळतो, हे ठरते पायाखालच्या खडकावर.

हा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट. विहीर खोदणाऱ्याला त्याची रचना पुस्तकाशिवाय माहीत असते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भेगाळलेला खडक आणि शेवटी सुरुंगालाही दाद न देणारा कातळ. पाणी राहते ते मुरमात आणि भेगांत. वाळूच्या थरासारखी मोकळी जागा इथे नसते. शंभर घनफूट मुरमाड खडक घेतला, तर त्यातून जेमतेम एक ते तीन घनफूट पाणी विहिरीला मिळते. त्यामुळे पावसाळ्यात ही कोठी लवकर भरते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर रिकामी होते. कोठी तुडुंब असते तेव्हा तिच्या काठावरून पाणी ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला झिरपते. पातळी ओढ्याच्या तळाखाली गेली, की झिरपणे थांबते. नदीची धार तुटते ती त्या दिवशी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते नदी आटली. प्रत्यक्षात आटलेले असते गावाचे शिवार.

आता थोडा हिशेब करू. समजा एका गावाचे शिवार १,००० हेक्टरचे, म्हणजे सुमारे २,४७० एकरांचे आहे आणि लोकवस्ती १,५०० आहे. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर १०,००० लिटर पाणी होते. ८५० मिलिमीटरने या शिवारावर ८५० कोटी लिटर पाणी पडले. ऐकायला हा समुद्र वाटतो. पण यातले बरेचसे माती आणि पिकांमार्फत वाफ होऊन परत जाते, बरेचसे पुरातून वाहून जाते. बेसॉल्टच्या प्रदेशात जमिनीच्या पोटात मुरते ते ढोबळमानाने दहा टक्के धरा. म्हणजे ८५ कोटी लिटर. गावाची वर्षाची खरी पुंजी ही.

माणशी रोज ५५ लिटर, हा जलजीवन मिशनचा आकडा घेतला तर गावाला पिण्या-वापरण्यासाठी वर्षाला तीन कोटी लिटर लागतात. गुराढोरांना आणखी एखादा कोटी. उरले ८१ कोटी. आता एका एकराला पाच सेंटीमीटर पाण्याची एक पाळी दिली, की दोन लाख लिटर गेले. साडेतीन हजारांहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी एका एकराच्या एका पाळीत! उरलेल्या पुंजीत अशा चार हजार पाळ्या बसतात. हरभऱ्याला दोन पाळ्या दिल्या, तर दोन हजार एकर हरभरा भिजतो. जवळजवळ अख्खे शिवार. हळदीला पावसाळ्यानंतर काढणीपर्यंत बारा-चौदा पाळ्या धरल्या, तर तीनशे एकरांच्या आसपास पुंजी संपते.

हिशेब ढोबळ आहे. ठिबकवर पाणी कमी लागते, दिलेल्या पाण्यातले थोडे परत मुरते, खडक गावागणिक बदलतो. पण त्यातली एक गोष्ट ढोबळ नाही. ८५ कोटी लिटर सगळेच्या सगळे उपसले, तर ओढ्याला देण्यासाठी काहीही उरत नाही. नदीला वाटा मिळतो तो गावाने न वापरलेल्या पाण्यातून. आणि वरच्या गावाने वाटा दिला नाही, तर खालच्या गावाच्या नदीकाठच्या विहिरी, ज्यांवर बहुधा तिथली नळयोजना चालते, फेब्रुवारीतच खडखडतात.

हळदीवर राग काढण्यात अर्थ नाही. हिंगोलीची बाजारपेठ हळदीवर उभी आहे, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि सोयाबीनच्या भावाने रडवलेल्या घरात पोरांच्या शिक्षणाचे पैसे हळदीतूनच येतात. तीनशे एकर हळद लावणारा शेतकरी एकटा नसतो. तीनशे घरे एकेक एकर लावतात. प्रत्येकाचे आपल्यापुरते गणित बरोबर असते. सगळ्यांची बेरीज मात्र चुकते, आणि ती बेरीज कोणी केलेलीच नसते. ठिबकनेही हे आपोआप सुटत नाही. वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर लावावा, असेच कोणालाही वाटणार. मलाही वाटले असते.

म्हणूनच नदीच्या खोऱ्याचे व्यवस्थापन हे फक्त पाटबंधारे खात्याचे काम राहू शकत नाही. धरणाच्या दाराची चावी खात्याकडे असते. विहिरीवरच्या मोटारीचे बटण असते शेतकऱ्याच्या हातात, आणि एका लहान खोऱ्यातसुद्धा अशी बटणे हजारोंनी असतात. रात्री दोनला वीज आल्यावर कोणी किती वेळ मोटार चालवायची, हे पाहायला कोणता अधिकारी जाणार?

कायदा नाही असे नाही. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीचे रक्षण करणारा कायदा १९९३ मध्येच झाला. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ आला आणि २०१४ पासून लागू झाला. पाणलोट क्षेत्रासाठी लोकांचा सहभाग असलेली समिती, विहिरींची नोंदणी, ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर निर्बंध, हे सगळे त्यात आहे. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आपल्या भागात बोअरची गाडी किती फुटांपर्यंत जाते, हे वाचकांना सांगायला नको. वरची विहीर आटली की शेतकरी पाणाड्याला बोलावतो, तो नारळ हातावर धरून जागा दाखवतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी येते. शेजारी आणखी पन्नास फूट खाली जातो. या शर्यतीत जिंकते ती फक्त गाडी.

या शर्यतीची किंमत पैशात मोजली जाते, आरोग्यात फारशी मोजली जात नाही. खोल खडकातले पाणी जुने असते. ते वर्षानुवर्षे खडकाच्या संगतीत राहिलेले असल्याने काही भागांत त्यात फ्लोराईड जास्त उतरते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराईड असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. त्याहून जास्त पाणी लहानपणापासून प्यायले, तर दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे, सांधे आखडतात. शेजारच्या यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांनी हे भोगले आहे. उलट, उथळ विहिरीत पाणी तळाशी गेले की उकिरडा, गोठा आणि युरिया यांतून झिरपलेले नायट्रेट वाढण्याचा धोका असतो. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना ते घातक ठरू शकते. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण फ्लोराईड किंवा नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. जूनच्या पहिल्या पावसात गॅस्ट्रोची साथ येते, तिच्यामागेही बऱ्याचदा हेच असते. गावभर एकच स्रोत उरलेला असतो, त्यावर सगळ्यांची झुंबड असते आणि पहिल्या पाण्याबरोबर रस्त्यावरची घाण त्याच विहिरीत उतरते. नदी वाहती राहण्याचा आणि दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटल्यांचा संबंध इतका जवळचा आहे.

मग लोकांनी एकत्र बसून पाणी वाटून घेतल्याची उदाहरणे आहेत का? आहेत, आणि ती परदेशातली नाहीत. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिथे पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरला. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद ग्रामसभेत मांडायची पद्धत पाडली आणि शेतीसाठी बोअर बंद केले. हिवरे बाजारचे नाव काढले की लोक म्हणतात, तिथे पोपटराव पवार होते. खरे आहे. पण त्या गावाचे खरे वेगळेपण मला दुसरेच वाटते. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी पाणी खाणारी पिके कमी, हे तिथे मोजून ठरते. नेत्याच्या शब्दापेक्षा पर्जन्यमापकाच्या आकड्याशी भांडणे कठीण असते.

आपल्याला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण जुन्या आंध्र प्रदेशातले आहे. तिथल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत, अनंतपूरपासून महबूबनगर, नलगोंडापर्यंत, २००० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनी स्वतःच भूजल मोजायचा एक मोठा प्रयोग झाला. सहाशेहून अधिक गावांत शेतकरी स्वतः पाऊस मोजत, विहिरींची पातळी घेत आणि रब्बीच्या तोंडावर गावात बसून शिल्लक पाण्याचा हिशेब मांडत. खडक आपल्यासारखाच कठीण, पाणी आपल्याहून कमी. विशेष म्हणजे तिथे कोणी बंदी घातली नाही, दंड लावला नाही. हिशेब भिंतीवर लिहिला जाई आणि पीक ज्याचे त्याने ठरवावे. तरीही अनेक ठिकाणी भाताचे क्षेत्र घटले. शिल्लक दिसली की माणूस आपोआप हात आखडता घेतो. बँकेच्या पासबुकाचा अनुभव काही वेगळा नसतो.

हिंगोलीत या कामाची सुरुवात कोऱ्या पाटीवर करायची नाही. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे सगळे ज्याला ‘पोकरा’ म्हणतात त्यात, हिंगोली जिल्हा होता. या प्रकल्पासाठी गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने तयार झाली. कयाधूच्या खोऱ्यात उगम ग्रामीण विकास संस्थेसारख्या संस्था नदी जिवंत करण्यासाठी गावकऱ्यांबरोबर काम करत आल्या आहेत. २०२२ च्या गांधी जयंतीला राज्यात ‘चला जाणूया नदीला’ हे अभियानही सुरू झाले. पण पोकरा म्हटल्यावर गावात आठवते ते ठिबकचे, शेततळ्याचे, पॉलिहाऊसचे अनुदान. ताळेबंद आठवणारा शेतकरी विरळाच. यात शेतकऱ्याचा दोष नाही. अनुदान खात्यावर जमा होते, ताळेबंद फाइलीत.

नदीच्या कामातही असेच होते. पोकलेन लावून पात्र खोल आणि रुंद केले, की एका पावसाळ्यात पाणी साठलेले दिसते, फोटो छान येतो. गाळ काढायला हरकत नाही. पण पात्र किती खोल करायचे, कोणत्या थरापर्यंत जायचे, हे भूवैज्ञानिकाला न विचारता केले तर काठच्या मुरमातले पाणी उलट लवकर पात्रात उतरते आणि बाजूच्या विहिरी आधी आटतात. जलयुक्त शिवारच्या काळात नाला खोलीकरणाचा वाद थेट उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, तो यासाठीच. कयाधूचे पाणी वाढवायचे तर काम माथ्यावर, सेनगावच्या बाजूच्या ओढ्यांवर आणि बांधांवर हवे. ते दिसत नाही, म्हणून त्याचे उद्घाटनही होत नाही.

गावाने आपले पाणी मोजण्याचा आणखी एक उपयोग आहे आणि हिंगोलीकरांना तो चटकन पटावा. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पात इसापूरच्या जोडीला कयाधूवर सापळी येथे धरण योजले होते. लोकांच्या विरोधामुळे ते झाले नाही. पुढे खरबीजवळ बंधारा घालून कयाधूचे पाणी इसापूर धरणाकडे वळवण्याची योजना आली आणि तिलाही जिल्ह्यात जोरदार विरोध झाला. खालच्या शेतकऱ्यांचीही बाजू आहे. इसापूरच्या कालव्यांवर त्यांची पिके उभी आहेत आणि नदीवर त्यांचाही हक्क आहे. अशा वेळी दोन्हीकडून मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात. पण किती पाणी ‘जास्तीचे’ आहे, हा आकडा फक्त सरकारी अहवालात असतो. तो बरोबर आहे की चूक, हे सांगायला काठावरच्या गावांकडे स्वतःची एकही नोंदवही नसते.

फ्रान्सने १९६४ मध्ये कायदा करून देशाची सहा खोऱ्यांत विभागणी केली आणि प्रत्येक खोऱ्यासाठी एक समिती नेमली. स्थानिक संस्था, पाणी वापरणारे आणि सरकार अशा तिघांचे प्रतिनिधी तिथे एका टेबलाभोवती बसतात. लोक तिला पाण्याची संसद म्हणतात. आपल्याकडे छोट्या प्रमाणावर असे नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर झाले आहे. ओझरच्या शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकात पाणीवापर संस्था काढल्या, पाणी मोजून घ्यायला सुरुवात केली, कालव्याच्या पाण्याने नाल्यांवरचे बंधारे भरून विहिरींचे पुनर्भरण केले आणि विहिरीवर भिजवणाऱ्यांनाही हिशेबात घेतले. पुढे सगळ्या प्रकल्पाच्या संस्था एकत्र आल्या आणि २००५ मध्ये राज्यात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही झाला. शेपटाच्या शेतकऱ्याला पाणी मिळाल्याशिवाय हे शक्य झाले नसते. वसमतकडे पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर शेती करणाऱ्यांनी ओझरला एकदा जाऊन यावे.

मोजायला काय लागते? एक पर्जन्यमापक आणि गाठी मारलेली दोरी. दोरीला टोकाला वजन बांधायचे, दर अर्ध्या मीटरला गाठ मारायची आणि गावाच्या चार दिशांच्या चार-पाच विहिरी निवडायच्या. मोटार बंद असताना, शक्यतो सकाळी, जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यायचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. गावानेही तेच महिने धरले तर आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. शाळेतली सातवी-आठवीची मुले हे काम आनंदाने करतील. विहिरीच्या काठावर मोठ्या माणसाने मात्र उभे राहावे.

पाण्याची गुणवत्ता पाहायला जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. फ्लोराईड, नायट्रेट, क्लोरिन असे बरेच काही त्यात कळते. जंतू आहेत का हे पाहण्याची छोटी बाटली असते. दूषित पाणी भरून ठेवले की ते दिवस-दोन दिवसांत काळे पडते. तुमच्या गावात हा संच कोणाकडे आहे, तो शेवटचा कधी उघडला, हे एकदा ग्रामपंचायतीत विचारून पाहा. जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकल्यावर शेवटच्या नळाला ओटी चाचणी करतो का, तेही विचारा. तिथे लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असायला हवा.

विहिरीचे आणि नळाचे हे आकडे ऑक्टोबरच्या ग्रामसभेत फळ्यावर लिहिले, की हळद किती, हरभरा किती, गहू किती, हे बोलायला सुरुवात होते. पहिल्या वर्षी भांडणे होतील. वरच्या वाडीचे लोक म्हणतील, पाणी आमच्या रानात मुरते. खालचे म्हणतील, नळाची विहीर आमच्याकडे आहे. ही भांडणे आजही होतातच. फक्त मे महिन्यात, टँकरपुढे, हातात घागर घेऊन.